झाकली मूठ आणि सॅटचे गुण

२०२३ सालच्या डिसेंबरात न्यू जर्सीहून आमच्या एका मैत्रिणीचे ई-पत्र आले. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागात आम्ही तिघे एम.ए.ला एकत्र होतो. आम्ही दोघे अध्यापनात राहिलो. ती लग्नानंतर तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. तिची मुलगी बारावीत होती व महाविद्यालयांकडे अर्ज करण्याचे दिवस होते. मैत्रिणीने लिहिले होते, "तुम्ही दोघे मास्तर लोक जन्मभर पोरांना गुण देत आलात. आता एवढे सांगा, मिळालेले गुण कळवायचे की नाही हे पोरानेच ठरवायचे असेल, तर त्याने ते कशावरून ठरवावे?"

प्रश्न वाचून आम्हांला आधी हसू आले. आपल्याकडे गुणपत्रिकेची झेरॉक्स काढणे, ती साक्षांकित करून घेणे आणि अर्जाला जोडणे यातच निम्मा प्रवेश होतो. ती जोडू की नको, असे विचारणारा विद्यार्थी आम्हांला अद्याप भेटलेला नाही. मराठीत 'गुण' हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे आणि लोकव्यवहार असा की दोष झाकावेत, गुण सांगावेत. गुणच झाकायचे हा प्रकार आम्हांला नवा होता.

तिकडची रीत थोडक्यात अशी. सॅट आणि एसीटी या तेथील दोन प्रवेश-चाचण्या. पहिलीचे गुण ४०० ते १६००, दुसरीचे १ ते ३६. दोन्ही पुन्हा पुन्हा देता येतात, अर्थात प्रत्येक वेळी शुल्क भरून. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २००९ मध्ये कोणत्या तारखेचे गुण महाविद्यालयाला कळवायचे हे निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला दिली. तिला 'स्कोअर चॉइस' म्हणतात. जॉर्जटाउनसारखे एखादे विद्यापीठ सर्वच्या सर्व गुण मागत आले आहे. पण अनेक महाविद्यालये उलट दिशेने एक पाऊल पुढे गेली आणि वेगवेगळ्या तारखांना मिळालेले उत्तम भाग एकत्र करू लागली. गणित मार्चमधले, वाचन-लेखन ऑक्टोबरमधले. या बेरजेला 'सुपरस्कोअर' असे नाव आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची येथे आठवण होते. १९१९ ते १९६६ एवढ्या दीर्घ श्रमांतून सिद्ध झालेली ती संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. सुपरस्कोअरचा धनी असलेला विद्यार्थीही तसा कोणत्याही एका दिवशी परीक्षेला बसलेला नसतो. (सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठभेद तळाशी नोंदवून ठेवले, येथे मात्र उरलेले पाठ कोणाच्या दृष्टीस पडू नयेत हाच हेतू असतो.)

याच्याही पुढची पायरी म्हणजे गुण अजिबात न कळवण्याची मुभा. बोडॉइन महाविद्यालयाने ती १९६९ मध्येच दिली होती, बेट्सने १९८४ मध्ये. २०२० साली साथीमुळे परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि जवळजवळ सर्वांनीच तो मार्ग धरला. तेव्हापासून तेथील सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे दर हिवाळ्यात हा प्रश्न उभा राहतो: दाखवावे की झाकावे?

मैत्रिणीच्या मुलीपुरता तो प्रश्न खरे तर सुटलेलाच होता. तिला १५१० गुण होते. शाळेतील समुपदेशकाने तिला एक तक्ता आखून दिला होता आणि कोणाला गुण कळवायचे, कोणाला नाही, हे त्यात रकान्यांत मांडलेले होते. ओळखीपाळखीच्या घरांतील मुले याच वाटेने आधी गेलेली होती. पत्रातला प्रश्न होता तो त्या मुलीच्या एका मैत्रिणीसाठी. ती शेजारच्या गावातील शाळेतली. शनिवारी सार्वजनिक ग्रंथालयात लहान मुलांना वाचायला शिकवताना दोघींची ओळख झालेली. तिची आई एका गोदामात कामाला होती आणि घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच. तिने सॅट एकदाच दिली होती. गुण मिळाले १३९०. न्यू इंग्लंडमधील ज्या एका नामांकित खासगी महाविद्यालयाकडे तिला अर्ज करायचा होता, त्याच्या संकेतस्थळावर प्रवेश मिळालेल्यांच्या गुणांचा मधला टप्पा १४६० पासून पुढे छापलेला होता. मैत्रिणीने ओघात असेही लिहिले होते की, त्या शाळेत एवढे गुण यापूर्वी कोणाला मिळाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

आम्ही दोघांनी फोनवर पाच मिनिटे बोलून उत्तर पाठवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे लिहिले. चौदाशे साठ मागणाऱ्याच्या हातात तेराशे नव्वद कशाला ठेवायचे? ती मुलगी स्वतःही त्याच मताची होती, असे पुढे कळले. गुण न कळवता तिने अर्ज केला. मार्चमध्ये नकार आला.

गुण कळवले असते तर तिला प्रवेश मिळालाच असता, असा आमचा दावा नाही. त्या महाविद्यालयांत येणाऱ्या अर्जांपैकी फार थोडे स्वीकारले जातात आणि नकारामागे शंभर कारणे असू शकतात. आमची खंत निराळी आहे. ते पत्र आम्ही नीट वाचले नव्हते. संहिता संदर्भासह वाचावी, सुटे वाक्य हाती घेऊन त्याचा अर्थ लावू नये, हे आम्ही पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. आणि पत्रातील जे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते, तेच ओघात आलेले म्हणून आम्ही ओलांडून गेलो.

हे आमच्या ध्यानात आणून दिले ते डार्टमथ महाविद्यालयाच्या एका अहवालाने. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे त्या मुलीच्या अर्जाची मुदत टळल्यावर जेमतेम महिन्याने, डार्टमथने गुण पुन्हा अनिवार्य करत असल्याचे जाहीर केले. तेथील अध्यक्षा सायन बायलॉक या स्वतः बोधात्मक मानसशास्त्राच्या अभ्यासक; परीक्षेच्या दडपणाखाली माणूस हातचे का गमावतो, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांच्या सूचनेवरून चार प्राध्यापकांनी केलेल्या अभ्यासात जे आढळले ते असे: प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्या शेकडो अर्जदारांनी १४००च्या घरातील गुण कमी समजून कळवलेच नव्हते, आणि कळवले असते तर ते त्यांच्या फायद्याचे ठरले असते. कारण प्रवेश समितीत अर्ज वाचणारा माणूस तो आकडा एकटा वाचत नाही. अर्जासोबत शाळेचे माहितीपत्रक येते. त्या शाळेत कोणते विषय शिकवले जातात, मुलांना साधारण किती गुण मिळतात, हे त्यावरून त्याला कळते. ज्या शाळेत हजार गुण हीच मजल असते, तेथून आलेले चौदाशे आणि ज्या शाळेत चौदाशे ही नामुष्की समजली जाते, तेथून आलेले चौदाशे, हे त्याच्या दृष्टीने दोन निरनिराळे आकडे असतात.

हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते, आणि तेही अमेरिकेच्या अहवालावाचून. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेची चर्चा करताना वक्ता कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता, यांवर व्यंग्यार्थ अवलंबून असतो असे सांगितले आहे. तेथील सूर्यास्ताच्या वाक्याचे उदाहरण आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. सूर्य मावळला एवढेच विधान; गुराख्याला त्याचा अर्थ गुरे परत वळवावीत असा होतो, अभिसारिकेला निघण्याची वेळ झाली असा, आणि कष्टकऱ्याला आता काम थांबवावे असा. वाच्यार्थ एक, व्यंग्यार्थ जितके श्रोते आणि जितके प्रसंग तितके. तेराशे नव्वद हेही असेच एक वाक्य आहे. ते कोणाच्या तोंडून येते हे पाहिल्याविना त्याचा अर्थ लागत नाही. आम्ही मात्र त्याची तुलना संकेतस्थळावरच्या आकड्याशी करून मोकळे झालो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे केले असते तर आम्ही त्याचे गुण कापले असते.

आता त्या म्हणीकडे वळू. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण सहज म्हणतो. पण सव्वा लाखाचा अंदाज बांधणारा कोणीतरी समोर असावा लागतो, आणि तो अंदाज मुठीकडे पाहून बांधत नाही, मूठ ज्याची आहे त्याच्याकडे पाहून बांधतो. सावकाराने मूठ झाकली तर लोक तीत सव्वा लाख धरतात. कुळाने झाकली तर रिकामी धरतात. म्हण खोटी नाही, तिचा लाभ कोणाला होतो हे ती सांगत नाही, इतकेच. श्रीमंत शाळेतून आलेल्या, समुपदेशकाचे उत्तम शिफारसपत्र आणि कठीण अभ्यासक्रमांची यादी जोडलेल्या अर्जात गुणांची जागा मोकळी असली, तर वाचणारा ती चांगल्या कल्पनेने भरून काढतो. ज्या शाळेचे नाव त्याने आयुष्यात प्रथमच ऐकले, तिच्या अर्जातील मोकळी जागा तो कशाने भरणार?

प्रवेश समित्या आवर्जून सांगतात की न कळवलेल्या गुणांचा आम्ही काहीच अर्थ लावत नाही. हे त्या प्रामाणिकपणे सांगत असतील. पण साहित्याच्या शिक्षकाला या विधानावर विश्वास ठेवणे जड जाते. वोल्फगांग इझरने संहितेतील रिकाम्या जागांविषयी जे लिहिले ते आम्ही एम.ए.च्या वर्गाला शिकवतो: रिकामी जागा वाचकाला स्वस्थ बसू देत नाही, तो ती आपल्या अनुभवाने भरतो. वाचण्याचा व्यवहारच तसा आहे. अर्ज वाचणारे त्यातून सुटले आहेत असे मानायला आधार काय?

याहून चमत्कारिक आहे ती संकेतस्थळावर छापल्या जाणाऱ्या आकड्यांची गत. महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा मधला निम्मा टप्पा प्रसिद्ध करतात. म्हणजे वरचे चतुर्थांश आणि खालचे चतुर्थांश सोडून उरलेल्यांचे गुण कोठून कोठपर्यंत आहेत ते. सर्वांना गुण कळवावे लागत होते तोवर या आकड्याला अर्थ होता. गुण ऐच्छिक झाल्यावर ज्यांचे गुण चांगले तेच कळवू लागले, आणि टप्प्याची खालची कड वर सरकली. पुढच्या वर्षीचा अर्जदार ती वर सरकलेली कड पाहतो आणि आदल्या वर्षी ज्या गुणांत त्याला बिनदिक्कत बसता आले असते ते तो आता झाकून ठेवतो. त्यामुळे कड आणखी वर जाते. यात कोणीही खोटे बोललेले नसते. विद्यार्थ्याने आपले हित पाहिले, महाविद्यालयाने हाती आलेले आकडे छापले, आणि तरीही दर वर्षी तो आकडा वस्तुस्थितीपासून थोडा थोडा दूर जात राहतो. ज्या घरात ही गंमत कोणी समजावून सांगणारे आहे, तेथे आकडा थोडा उणा करून वाचला जातो. ज्या घरात नाही, तेथे छापलेले ते खरे. ग्रंथालयात मुलांना वाचायला शिकवणाऱ्या त्या मुलीने तो आकडा छापील शब्दावर ठेवावा तितक्याच विश्वासाने वाचला. आम्हीही तसाच वाचला, पण आमचे त्यात काहीच जाणार नव्हते.

येथे वाचक म्हणतील की या परीक्षांची बाजू घेण्याजोगे त्यांत आहे काय? आक्षेप रास्त आहे. सॅट प्रथम १९२६ मध्ये घेतली गेली. ती तयार करणाऱ्या कार्ल ब्रिगमने त्याआधी तीनच वर्षे, १९२३ मध्ये, अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेवर एक ग्रंथ लिहून वंशांची उतरंड मांडली होती. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले, परंतु परीक्षेच्या जन्माला लागलेला तो डाग आहेच. घरच्या उत्पन्नाबरोबर गुण चढत जातात, हेही वारंवार दिसून आले आहे. खासगी शिकवण्या, पुन्हा पुन्हा परीक्षा देण्याची ऐपत, सुपरस्कोअरची बेरीज, हे सारे पैशाच्या बाजूने झुकते. म्हणूनच गुण ऐच्छिक करणे हे पुरोगामी पाऊल आहे असे अनेकांना मनापासून वाटले. बेट्सचे माजी प्रवेशप्रमुख विल्यम हिस यांनी २०१४ मध्ये तेहतीस संस्थांच्या अभ्यासातून दाखवले की, गुण कळवून आलेल्यांत आणि न कळवता आलेल्यांत पुढे महाविद्यालयीन यशाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. आम्हीही कोणत्याही एका परीक्षेच्या आकड्यावर माणूस तोलण्याच्या विरुद्धच आहोत. मराठीचा कोणता शिक्षक नसेल?

पण प्रश्न असा की आकडा झाकल्यावर मागे उरते काय? निबंध उरतो, शिफारसपत्रे उरतात, शाळेबाहेरच्या उपक्रमांची यादी उरते. यांतला निबंध हा तर आमचा स्वतःचा प्रांत. त्याची बाजू घेणे हा आमचा कुलधर्म. पण निबंधाइतके पैशाने सुधारून घेता येण्यासारखे दुसरे काही नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या घरात निबंधावर चार जाणत्या माणसांचा हात फिरतो, त्या घरचा निबंध चांगलाच होतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, चाचणीचे गुण सारखे असतानासुद्धा सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले आयव्ही लीग व तिच्या तोडीच्या महाविद्यालयांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पोहोचतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन ही त्यामागची कारणे. म्हणजे गुणांत पैसा बोलतो हे खरे; पण गुणांव्यतिरिक्त जे आहे त्यात तो अधिक मोठ्याने बोलतो. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये गुण पुन्हा मागायला सुरुवात केली तेव्हा दिलेले कारणही याच जातीचे होते: ज्यांच्या शाळेत वरच्या दर्जाचे गणित शिकवलेच जात नाही, त्या मुलांना आपली तयारी दाखवायला परीक्षेवाचून दुसरी जागा नाही.

या संदर्भात आपल्याकडच्या एका वादाची आठवण होते. दहावीच्या सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरायचे, हे 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे धोरण महाराष्ट्रात आले तेव्हा केवढा गदारोळ उठला. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांचे पालक २०१० मध्ये न्यायालयात गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्या धोरणात मराठीसारखा विषय बेरजेबाहेर पडण्याची सोय आहे म्हणून आम्ही स्वतः त्यावर नाराज होतो आणि आजही आहोत. तरीही त्याच्या पदरात एक गोष्ट टाकावी लागेल. त्यात विद्यार्थ्याला काहीच ठरवायचे नसते. गडचिरोलीतल्या मुलाचा सहावा विषय जसा गळतो तसाच दादरच्या मुलाचा. नियम मंडळ लावते, सर्वांना सारखा लावते आणि त्यासाठी घरात कोणी माहीतगार असावे लागत नाही. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होऊ लागली. तेथेही दोन प्रयत्नांपैकी चांगले गुण आपोआप धरले जातात. कोणते झाकू, असे मुलाला विचारले जात नाही. सवलत देणे वेगळे आणि निवड करायला लावणे वेगळे. सवलत सर्वांपर्यंत पोहोचते. निवड करायला मात्र समोरचा कसे वाचणार आहे याचे ज्ञान लागते, आणि ते ज्ञान घरात असावे लागते, अंगणातल्या विहिरीसारखे.

आमचे मत म्हणूनच असे बनले आहे की, ऐच्छिकपणा ही दोन टोकांच्या मधली सुवर्णमध्याची जागा नसून दोन्ही टोकांहून वाईट जागा आहे. गुण मागायचे असतील तर सर्वांकडून मागावेत आणि शाळेच्या, घरच्या परिस्थितीच्या संदर्भात वाचावेत. नको असतील तर कोणाचेच पाहू नयेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने दुसरा मार्ग पत्करला. त्यांच्याच प्राध्यापकांच्या समितीने २०२० मध्ये परीक्षेच्या उपयुक्ततेकडे बोट दाखवले असतानाही तेथील नियामक मंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि आता ते विद्यापीठ प्रवेश देताना हे गुण विचारात घेतच नाही. आम्हांला पहिला मार्ग अधिक बरा वाटतो, पण दुसऱ्यातही एक सरळपणा आहे. तेथे कोणा मुलीला रात्र रात्र जागून आपल्या मुठीची किंमत ठरवावी लागत नाही.

पहिल्या मार्गात धोके नाहीत असे नाही. गुण अनिवार्य असतील तर ती मुलगी कदाचित अर्जच करणार नाही. छापील आकडा पाहूनच मागे फिरेल. आणि संदर्भासह वाचू, हे आश्वासन देणाऱ्यावर किती विसंबावे? कॉलेज बोर्डानेच २०१९ मध्ये अर्जदाराच्या शाळेची व परिसराची माहिती वाचणाऱ्यापुढे ठेवणारे एक साधन तयार केले होते. त्याच्या पहिल्या रूपावर 'हालअपेष्टांना गुण देता काय' अशी टीकेची झोड उठली, मग त्याचे रूप पालटून 'लँडस्केप' हे नाव मिळाले, आणि २०२५ मध्ये ते बंदही झाले. आकडे ठेवायचे आणि संदर्भ काढून घ्यायचा, ही सर्वांत वाईट शक्यता आज अगदीच अशक्य राहिलेली नाही.

डार्टमथपाठोपाठ २०२४ मध्येच ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही गुण पुन्हा अनिवार्य केल्याचे जाहीर केले. येलने सॅट, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्याही एका प्रकारचे गुण चालतील असे सांगितले, म्हणजे झाकण्याचा प्रश्न गेला आणि कोणते दाखवावेत हा आला. नामांकित संस्थांची ही नावे वर्तमानपत्रांत गाजली. परंतु बहुसंख्य अमेरिकन महाविद्यालयांत गुण अजूनही ऐच्छिकच आहेत. मुलांना ठरवावेच लागते.

आपल्या वर्गांतील मुलेही अलीकडे शिफारसपत्रे मागायला येतात, बाहेरच्या विद्यापीठांकडे अर्ज करतात. जीआरईची इंग्रजी साहित्याची विषय-परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली आणि अनेक साहित्य विभागांनी साधी जीआरईही ऐच्छिक केली किंवा सोडून दिली. त्यामुळे हा प्रश्न उद्या आपल्या स्टाफरूमच्या दारात येणार आहे, किंबहुना आलाच आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा आम्ही म्हण वापरली नाही. तो ज्या तालुक्याच्या गावातून, ज्या महाविद्यालयातून आला होता, तेथून त्या परीक्षेला आजवर किती जण बसले, हे आधी शिफारसपत्रात लिहिले आणि मग त्याला गुण जोडायला सांगितले.

न्यू जर्सीची ती मुलगी तिच्या राज्यातील सार्वजनिक विद्यापीठात शिकते आहे आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून मजेत आहे. डार्टमथच्या अहवालाविषयी तिला कोणी सांगितले की नाही, हे आम्ही विचारले नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात मैत्रिणीचे पुन्हा पत्र आले. त्या मुलीच्या धाकट्या भावाने परीक्षा दिली होती, त्याला १३६० मिळाले होते आणि त्याच्यापुढेही तोच प्रश्न होता. या वेळी आमचे उत्तर एका ओळीचे होते: त्याच्या शाळेतल्या बाकीच्या मुलांना किती मिळाले, ते आधी कळव.